तुसडा, तुटक की खडूस? समोरच्याच्या कोरड्या बोलण्याला नेमका शब्द कोणता

तुम्ही चार ओळींचा मेसेज टाकता आणि उत्तर येतं, 'ठीक.' पुढे पूर्णविरामही असतो. भांडण नाही, शिवी नाही, तरी काहीतरी खटकतं. या बोलण्याला म्हणायचं काय?

पहिला शब्द सुचतो 'थंड'. पण मराठीत थंड माणूस म्हणजे ज्याला कशाची घाई नाही असा, आणि थंड डोक्याचा म्हणजे तर शहाणाच. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जाणाऱ्या सोलापुरात 'थंड' हा तसाही कौतुकाचाच शब्द! आपल्याकडे जिव्हाळा आटतो तेव्हा माणूस 'कोरडा' होतो. कोरडी चौकशी, कोरडं हसू. उपमा पाण्याची आहे, तापमानाची नाही.

शब्दागणिक फरक

'तुटक' म्हणजे मोजकं, मध्येच तुटलेलं बोलणं. त्यात राग असेलच असं नाही. कामाचा ताणही असू शकतो. 'तोडून बोलणं' मात्र मुद्दाम, लागावं म्हणून. 'त्रोटक' हा शब्द माणसापेक्षा माहितीला जास्त लागू पडतो.

'तुसडा' माणूस जवळ आलेल्याला झटकून टाकतो. 'तिरसट' साध्या प्रश्नावरही खेकसतो. 'घुमा' मनात ठेवून गप्प बसतो. 'माणूसघाणा' माणसंच टाळतो. 'फटकळ' या यादीत चुकून येतो. तो तोंडावर बोलतो, पण कोरडा नसतो. उलट भांडून झाल्यावर चहा तोच पाजतो.

'खडूस'ची गंमत वेगळी. घरमालकाला वापरला तर तक्रार, पण मुंबईच्या रणजी संघाला वापरला तर शाबासकी, म्हणजे सहजासहजी हार न मानणारा. 'शिष्ट'चा प्रवास याच्या उलट: शिष्टाचार, शिष्टमंडळ यांत तो सभ्य, आणि 'फार शिष्ट आहे ती' म्हटलं की नाक वर केलेली.

इथे 'ती' उगाच आलेलं नाही. कमी बोलणारा पुरुष सहज 'मितभाषी' ठरतो, तेवढंच बोलणारी नवी सून किंवा ऑफिसातली मुलगी 'शिष्ट' ठरते. वागणं एकच, शिक्का वेगळा. आणि तो बसला की पुसायला वर्षं लागतात.

बोलणं कोरडं वाटतं कशामुळे?

मराठीत रोजच्या बोलण्यात 'कृपया' कोणी म्हणत नाही, तो स्टेशनवरच्या घोषणेतला शब्द. आपला ओलावा असतो छोट्या शब्दांत: की, ना, हो, जरा. 'बस' हा हुकूम, 'बस की' हे अगत्य. सोलापुरात तर या 'की'शिवाय वाक्य पुरं होत नाही. अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये हेच काम 'री' करतं, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूत 'अंडी'. एका भाषेतून दुसरीत येताना मुख्य शब्द आधी जमतात, हे बारीक शब्द मागे राहतात. मग घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा माणूस मराठीत नुसतं 'द्या' म्हणतो आणि समोरच्याला तो उर्मट वाटतो. त्याच्या मनात तसं काहीच नसतं.

मेसेजमध्ये आवाजही नसतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला की तो मेसेज कमी मनापासूनचा वाटला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र हा फरक दिसला नाही. म्हणजे खटकलं ते 'ठीक' नव्हे, त्यापुढचं टिंब!

तक्रार लिहिताना

शब्द चुकल्याची किंमत इथे सगळ्यात जास्त. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याबद्दल 'उद्धट', 'उर्मट' लिहिलं तर तो गैरवर्तनाचा आरोप होतो आणि चौकशी लागू शकते. 'तुटक उत्तर दिलं' हे निरीक्षण आहे. 'अरेरावी' म्हणजे हाती असलेल्या अधिकाराचा जोर दाखवणं. तसं घडलं असेल तरच तो शब्द वापरावा. त्याहून बरं म्हणजे विशेषण गाळून वाक्य जसंच्या तसं लिहायचं: 'मी विचारलं, त्यांनी मान वर न करता उद्या या म्हटलं.' वाचणारा योग्य शब्द स्वतःच लावतो.

अडलंच तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मोबाईलवरही शोधता येतात. एक शब्द बघायला गेलात तर आधी 'तुसडा' बघा.