हप्ता कां थांबतो ?

"शेजाऱ्यास हप्ता मिळाला, आम्हांस कां नाहीं ?" असा प्रश्न छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी बांधव आम्हांस विचारितात. महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें त्याचें एक मुख्य कारण येथें सांगतों.

२०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधींत पात्र कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेंत मिळतात. २०२३ सालीं राज्यानें तितकीच भर घातली, तीही त्याच लाभार्थ्यांस. म्हणून एक चूक दोन्ही रकमा अडविते.

वडील वारतात, मुलगा शेत कसतो, परंतु सातबारा वडिलांच्याच नांवें राहतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाहीं. वारसाहक्कानें आलेल्या जमिनीवर मिळतो. मात्र वारसाची नोंद हवी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास वर्दी द्यावी. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा. नोटिशीचे पंधरा दिवस हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करितात. मग नवीन खातेदारानें स्वतःची नोंदणी करून आधार बँकखात्यास जोडावें.

वर्दींत बहिणींचीं नांवें गाळूं नयेत. दोन हजारांच्या घाईनें केलेली ही चूक पुढें भावाबहिणींस कोर्टाची पायरी चढविते, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.