स्पिटफायर ‘मार्क ९’च्या किटमधून भारतीय ‘मार्क ८’ कसं बनवायचं?

स्पिटफायरचं प्लास्टिक किट शोधायला गेलात तर मार्क ९ सहज सापडतं. सोबतचे डिकल बहुधा युरोपात लढलेल्या स्क्वाड्रनचे असतात. पण भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मिळालं ते होतं मार्क ८. त्याआधी व्हेन्जन्स हे डाइव्ह बॉम्बर उडवणारी ही स्क्वाड्रन मग स्पिटफायर घेऊन ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. ते विमान शेल्फवर हवं असेल तर मार्क ९चं किट थोडं कापावं लागेल. मार्क ८ची तयार किट्सही मिळतात, पण हाताशी मार्क ९ असेल तर पहिलं कन्व्हर्जन म्हणून हे काम झकास आहे.

आधी एक गंमत. नंबर ९ असूनही हे विमान ८च्या आधी आलं. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मनांचं फॉकवुल्फ १९० आलं आणि स्पिटफायर मार्क ५ एकदम मागे पडलं. नवीन मर्लिन इंजिनासाठी नीट डिझाइन केलेलं मार्क ८ तयार व्हायला वेळ लागणार होता. म्हणून तेच इंजिन मार्क ५च्या सांगाड्यात बसवलं आणि १९४२ च्या मध्याला मार्क ९ लढाईत उतरवलं. म्हणजे मार्क ९ हेच मुळात एक कन्व्हर्जन! आणि म्हणूनच आपलं काम सोपं होतं: दोघांचं नाक, चार पात्यांचा पंखा, पंखांखालचे रेडिएटर जवळपास सारखेच. फरक लपलाय शेपटीत आणि पंखांच्या मागच्या कडेला.

किट १/७२ स्केलचं आहे असं धरू. खरं माप भागिले ७२, इतकाच हिशोब. पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेलवर १५६ मिमी. नेटवरून ड्रॉइंग प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद करा आणि कागदावर पट्टी ठेवून हे १५६ येतात का बघा. नाही आले तर त्या प्रिंटवरून एकही माप घेऊ नका.

आता मुख्य काम, एलेरॉन. पंखाच्या मागच्या कडेचा हा हलणारा भाग मार्क ८ मध्ये बाहेरच्या टोकाकडून साडेआठ इंचांनी आखूड केला होता. १/७२ मध्ये ते होतात बरोबर ३ मिमी. किटवरच्या एलेरॉनच्या खाचेचा बाहेरचा ३ मिमी भाग सुपरग्लूने भरा, सुकला की बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. मग जाड चिकटपट्टी कडेला लावून सुईने नवी खाच ओढा. एकदम जोर लावू नका. हलक्या हाताने पाच-सहा वेळा. दोन्ही पंखांवर, वरून आणि खालून, असं चार ठिकाणी करायचंय. खालची बाजू विसरणारे खूप असतात.

शेपटीचं चाक मार्क ९ मध्ये कायम बाहेर असतं, मार्क ८ मध्ये ते आत जातं. म्हणून चाकाभोवती पोटात लांबट खाच कापा आणि दोन बाजूंना पातळ प्लास्टिक शीटची दारं लावा. इथे मात्र ब्लेड चालवण्याआधी थांबा. कापलेलं प्लास्टिक परत जोडता येतं, पण ती जागा आधीसारखी स्वच्छ दिसत नाही. खऱ्या मार्क ८चे खालून काढलेले दोन-तीन फोटो मोबाइलवर झूम करून बघा, पेन्सिलने आखा, मगच कापा.

रडर बहुतेक मार्क ८ना वरून टोकदार आणि रुंद होतं. बऱ्याच मार्क ९ किटमध्ये दोन्ही प्रकारचे रडर देतात, त्यातलं टोकदार घ्या. पंखातल्या जादा टाक्या बाहेरून जवळजवळ कळत नाहीत, सोडून द्या.

कामाची तपासणी फोनवर करा. मॅक्रो मोडमध्ये डोळ्याला न दिसणारी फट आणि ओरखडे लगेच दिसतात. पण आकार तपासायला जवळून फोटो काढू नका. वाइड लेन्समुळे नाक फुगतं आणि शेपटी बारीक होते. थोडं लांब उभं राहून २एक्स झूम वापरा.

शेवटी रंग. किटमधले लाल ठिपक्याचे गोल ब्रह्मदेशच्या आघाडीवर चालणार नाहीत. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, तेव्हा गोंधळात आपल्याच विमानावर गोळी सुटू नये म्हणून तिथल्या चिन्हातून लाल काढून टाकला होता. गडद निळा आणि आत फिका निळा, एवढंच. अंगावरचा रंग मात्र किटच्या डब्यावरून ठरवू नका. ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याच विमानाचा फोटो शोधा, कारण एकाच स्क्वाड्रनमधली दोन विमानंही वेगळी असू शकतात.