गिअरबॉक्सला चढणारा ताप

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीच्या काठावर बुलहेड सिटी हे गाव आहे. तिथून राज्यमार्ग ६८ पूर्वेकडे डोंगर चढू लागतो. जवळच डेव्हिस धरण असल्यामुळे वाहनजगतात या चढाला ‘डेव्हिस डॅम ग्रेड’ म्हणतात. सुमारे १८ किलोमीटरमध्ये रस्ता जवळजवळ ९०० मीटर वर जातो आणि भोवती रखरखीत वाळवंट. शहाणा माणूस उन्हाळ्यात भरदुपारी इथे फिरकणार नाही, पण पिकअप ट्रक बनवणाऱ्या कंपन्या मुद्दाम तेव्हाच येतात.

याचे कारण ‘जे २८०७’ हे मानक. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने ते २००८ मध्ये काढले. आपला पिकअप अमुक वजनाचा ट्रेलर ओढतो असे कंपनीला म्हणायचे असेल, तर तेवढा ट्रेलर मागे जोडून तिने हा चढ चढून दाखवायचा. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस हवेच, गाडीतला एसी पूर्ण जोरात चालू हवा, वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये (मागे जोडचाके असलेल्या ट्रकना थोडी सवलत) आणि डॅशबोर्डवर धोक्याचा एकही दिवा लागता कामा नये. त्याआधी जी ती कंपनी आपल्या मनाने आकडा छापत असे. टोयोटाने टुंड्रा या पिकअपच्या २०११ च्या मॉडेलसाठी हे मानक सर्वांत आधी स्वीकारले, इतरांना आणखी काही वर्षे लागली.

या चढावर इंजिनाच्या तापमानाकडे सगळ्यांचेच लक्ष असते. पण खरी कसोटी लागते ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाची.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर बसतो. त्याच्या बंद डब्यात इंजिनाला जोडलेले पंखे तेल भिरकावतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे पंखे फिरतात. दोन्ही बाजूंच्या वेगात नेहमी थोडा फरक राहतो. मेकॅनिक त्याला ‘स्लिप’ म्हणतात. या व्यवहारात जी शक्ती पलीकडे पोचत नाही, ती सगळी तेलात उष्णता होऊन राहते. ट्रेलर ओढत चढणाऱ्या पिकअपचे इंजिन १०० किलोवॉट देत आहे आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे धरू. उरलेले १५ किलोवॉट तेलात जातात. घरातले दोन-दोन किलोवॉटचे सात गीझर एकदम चालू केले तरी तेवढी उष्णता होत नाही, आणि इथे तापवायला तेल आहे अवघे दहा-बारा लिटर.

हिशेब पुढे नेला तर चित्र आणखी स्पष्ट होते. बारा लिटर तेलाचे वजन साधारण दहा किलो. ते एक अंशाने तापायला सुमारे २० किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता कुठेच निघून गेली नाही, तर तेलाचे तापमान मिनिटाला सुमारे ४५ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचे जाड ॲल्युमिनियम बरीच उष्णता शोषून घेते आणि कूलर आपले काम करत असतो, म्हणूनच गाडी चढ पार करते.

टॉर्क कन्व्हर्टर हे यंत्र मुळात मोटारीसाठी जन्मलेलेच नाही. हर्मान फ्योटिंगर हा १८७७ चा, न्युरेम्बर्गचा. शिकला विद्युत अभियांत्रिकी आणि नोकरीला लागला श्टेटिनच्या व्हुल्कान जहाजबांधणी कारखान्यात. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा जहाजांवर वाफेच्या टर्बाइन नुकत्याच येत होत्या आणि त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. टर्बाइन भरधाव फिरली तरच परवडते, तर पाण्यातला पंखा सावकाश फिरला तरच नीट ढकलतो. एवढी ताकद पेलून वेग कमी करतील असे दाते असलेले गिअर तोवर कुणाला भरवशाचे वाटत नव्हते. फ्योटिंगरने पंप आणि जलटर्बाइन ही जोडी घेतली, त्यांच्यामधले नळ काढून टाकले आणि दोघांना एकाच कवचात समोरासमोर बसवले. नळांमधली गळती आणि घर्षण वाचल्याने कार्यक्षमता एकदम वर गेली. १९०५ मध्ये त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले.

आजच्या पिकअपवाल्यांना त्याच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. जहाजावरच्या त्याच्या यंत्रात तेलाऐवजी पाणी असे. स्लिपमुळे ते पाणी तापे, आणि तेच कोमट पाणी बॉयलरकडे पाठवले जाई. ज्याला नुकसान म्हणायचे, ते तिथे कोळसा वाचवत होते. उष्णता निर्माण होणारच हे फ्योटिंगरने पहिल्यापासून गृहीत धरले आणि तिची सोय यंत्राच्या आराखड्यातच केली. पुढे दात्यांचे गिअर सुधारले आणि समुद्रावर त्याच्या यंत्राची पीछेहाट झाली. पण जमिनीवर त्याला नवा संसार मिळाला, आधी रेल्वे आणि बसमध्ये, मग मोटारीत. फ्योटिंगर बर्लिनमध्ये प्राध्यापक होता. एप्रिल १९४५ मध्ये, शहरावरच्या अखेरच्या लढाईत, तो स्फोटाच्या तुकड्याने मेला. डीझेल आणि ऑटो या इंजिनकर्त्यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. ज्याच्या कल्पनेवर कोट्यवधी ऑटोमॅटिक गाड्या चालल्या, त्या फ्योटिंगरचे नाव अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर क्वचितच निघते, हा मोठा अन्याय आहे.

अमेरिकेत जनरल मोटर्सचा ‘हायड्रामॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला आणि क्लचचे पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. १९४९ मध्ये पॅकार्डने कन्व्हर्टरमध्ये ‘लॉक-अप’ क्लच घातला. वेग स्थिरावला की हा क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो, त्यामुळे स्लिप संपते आणि तिच्यासोबत बहुतेक उष्णताही. सपाट हायवेवर मोठा ट्रेलर ओढतानाही तेल थंड राहते ते यामुळेच. चढावर वेग पडला, गिअर वरखाली होऊ लागले की लॉक सुटतो आणि तापमानाचा काटा चढू लागतो. सर्वांत वाईट म्हणजे चढावर ट्रेलर मागे घेणे. चाके जवळजवळ थांबलेली, इंजिन मात्र जोर लावते आहे, आणि कन्व्हर्टरमध्ये गेलेली जवळपास सगळी शक्ती उष्णता होते.

तेल तापले तर बिघडते काय? पिकअपवाल्यांच्या जगात एक तक्ता फार लोकप्रिय आहे. १७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ८० सेल्सिअसच्या आसपास, तेल १ लाख मैल टिकते. पुढे दर २० अंश फॅरनहाइटला आयुष्य निम्मे होते. त्या हिशेबाने १४६ सेल्सिअसला ते जेमतेम दीड हजार मैल टिकेल. या तक्त्यामागे आऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाचा नियम आहे, तापमानाबरोबर ऑक्सिडीकरणाचा वेग झपाट्याने वाढतो हे खरेच आहे. पण तक्ता खनिज तेलाच्या काळातला आहे. आजची सिंथेटिक तेले याहून पुष्कळ ताप सोसतात, तरी कूलरच्या जाहिरातींमध्ये तोच तक्ता जसाच्या तसा छापला जातो.

या तेलाचा इतिहासही थक्क करणारा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेटा हळुवार पकडण्याचा गुण त्यात होता. व्हेल वाचवण्यासाठी अमेरिकेने बंदी घातल्यावर रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सच्या १९७३ च्या ‘डेक्सरॉन-दोन’ तेलाने कूलरच्या सांध्यांचे डाख खायला सुरुवात केली, आणि गंजरोधक घालून सुधारित तेल आणावे लागले. तेल थंड करणारा भागच नव्या तेलाने पोखरला होता.

कंपनीकडून येणारा कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीत दडलेला असतो. तेलाची नळी इंजिनाच्या पाण्यातून फिरून येते. थंडीत याचा फायदा होतो, तेल लवकर तापते. उन्हाळ्यात मात्र ९० अंशांच्या पाण्याने तेल त्याखाली कसे उतरणार? शिवाय आतली भिंत फुटली तर अनर्थ होतो. २००५ ते २०१० च्या काळातल्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्स्टेरा या गाड्यांत नेमके हेच झाले. कूलंट तेलात शिरले आणि गुलाबी फेसाळ घोळ तयार झाला. मालकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ असे नाव दिले. कूलंटमधले पाणी क्लच प्लेटांचे कागदी लायनिंग फुगवते आणि ग्लायकॉल ते चिकटवणारा गोंद सोडवते, त्यामुळे गिअरबॉक्स बाद होतो. प्रकरण कोर्टात गेले. अनेक मालकांनी रेडिएटरमधली वाट बंद करून समोर हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवला.

बाहेरून बसवायच्या सुधारणांत हाच कूलर सर्वांत उपयोगी. नळीवर पंख बसवलेला साधा प्रकार स्वस्त असतो. एकावर एक पत्र्यांचे थर रचलेला ‘स्टॅक्ड प्लेट’ प्रकार तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त उष्णता फेकतो. खोक्यावर मात्र ‘४०,००० पौंड वजनाच्या वाहनासाठी’ अशी पाटी असते, आणि तिथे सावध राहायला हवे. कूलर वजन उचलत नाही, तो किलोवॉट फेकतो. तेलाचा प्रवाह किती, वारा किती, तेल आणि हवेच्या तापमानात फरक किती, हे सांगितल्याशिवाय त्या पाटीला शास्त्रीय अर्थ नाही.

गिअरबॉक्सखाली तेल साठवणाऱ्या खोल ॲल्युमिनियम पॅनची कथाही तशीच. त्याच्या चमकदार पंखांचे फोटो सुंदर दिसतात. पण चार लिटर जादा तेलाने वरच्या हिशेबातला तापण्याचा वेग मिनिटाला ४५ वरून ३४ अंशांवर येतो, एवढेच. चढ छोटा असेल तर ती सवड पुरते. तासभराच्या चढावर तेल शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचते, फक्त उशिरा.

तिसरी सुधारणा वादाची आहे. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या २०१४ नंतरच्या अनेक गाड्यांत तेल ९० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत एक झडप त्याला कूलरकडे पूर्णपणे जाऊच देत नाही. पातळ तेलात गिअर हलके फिरतात आणि पेट्रोल वाचते, हा कंपनीचा हेतू. हौशी मालक ती झडप काढून ७० अंशांच्या आसपास उघडणारी बसवतात. टेक्ससमध्ये ट्रेलर ओढणाऱ्याला हे शोभते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात मात्र तेल घट्टच राहते, गिअर उशिरा पडतात, आणि तेल पुरेसे तापेपर्यंत कन्व्हर्टर लॉकही होत नाही. मग स्लिप वाढते. थंड करण्याच्या नादात उष्णतेचे मूळच मोकळे सुटते.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारे तेलच बेअरिंग आणि गिअरना वंगण देते. नळी अरुंद घेतली किंवा पिचली, तर तेल थंड होईल पण वंगण तुटेल. जुना गिअरबॉक्स जळाल्यावर नवा बसवताना कूलर तसाच ठेवला, तर त्यात अडकलेला धातूचा चुरा नव्या गिअरबॉक्सच्या पोटात जातो. म्हणून पहिला खर्च तापमानाच्या मीटरवर करावा, आणि तो काटा पॅनमधले तेल दाखवतो की कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे, हे बघावे. बाहेर पडणारे तेल पुष्कळ जास्त तापलेले असते.

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस हे ऑटोमॅटिक पिकअप आता भारतातही विकले जातात. ट्रेलर ओढण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही, पण नदीपात्रातली वाळू, चिखल आणि सामानाने भरलेली गाडी हीच परीक्षा घेतात. अशा वेळी या गाड्यांची ‘फोर-लो’ गिअरजोडी चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट करते. कन्व्हर्टरवरचा भार तितकाच घटतो आणि स्लिप उतरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती वापरायची नसते, वाळूत मात्र नॉब वेळेवर फिरवली तर कूलरपर्यंत जाणारी उष्णताच कमी तयार होते.