जमीन संस्थेची, घर आपले : प्राध्यापक वसाहतीत घर घेताना

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. त्यांच्या काळी घर म्हणजे जमीन, भिंती आणि छप्पर असे एकसंध प्रकरण होते. ज्याची जमीन त्याचे घर, आणि ज्याचे घर त्याच्या मुलांचे घर, इतका तो हिशेब सरळ होता. आज मात्र जमीन एकाची, भिंती दुसऱ्याच्या आणि राहण्याचा हक्क नोकरीवर अवलंबून, अशीही घरे असतात. विद्यापीठांच्या प्राध्यापक वसाहती हे त्याचे ठळक उदाहरण होय. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण आपल्यापैकी अनेक जण वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करतात, आणि डिंडोली, उधना, लिंबायत भागांतील मराठी घरांतून शिकून बाहेर पडलेली मुलेमुली आता देशोदेशीच्या विद्यापीठांत शिकवू लागली आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न कागदावर सही करण्याच्या रूपाने उभा राहतो. तेव्हा त्याचा नीट विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्वार्टर्सचे सुख आणि त्याची मुदत

आपल्याकडे विद्यापीठे आणि शासकीय महाविद्यालये प्राध्यापकांना सहसा घर विकत नाहीत, ती क्वार्टर देतात. सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले. तेव्हापासून आजवर येथे किंवा अन्यत्र नोकरी केलेल्या आपल्या पिढीतील डॉक्टरांना क्वार्टर्सचे जीवन सांगायला नको. घरभाडे भत्ता मिळत नाही, नाममात्र परवाना शुल्क पगारातून कापले जाते, आणि त्या बदल्यात रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर, झाडांच्या सावलीत, समव्यवसायी शेजाऱ्यांच्या संगतीत राहायला मिळते. रात्री दोन वाजता वॉर्डातून बोलावणे आले, तर शेजारच्या वहिनी मुलांकडे पाहतात. परीक्षेच्या दिवसांत कुणाच्याही मुलाला कुणीही गणित शिकवते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटते की मुलांच्या वाढीला असा शेजार म्हणजे एक अदृश्य टॉनिकच आहे.

परंतु या सुखाला मुदत असते. निवृत्तीनंतर ठरावीक अवधीत क्वार्टर रिकामे करावे लागते. सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला थोडी अधिक सवलत मिळते, पण घर सोडावे हे लागतेच. तीस वर्षे एकाच आवारात काढलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा घर शोधावे लागते. त्या वयात बँक दीर्घ मुदतीचे कर्ज देत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीचा मोठा हिस्सा विटा-सिमेंटमध्ये जातो. माझे एक गुरुवर्य याला अपवाद होते. त्यांनी चाळिशीतच पाचसहा सहकाऱ्यांबरोबर एका सहकारी सोसायटीत प्लॉट घेऊन ठेवला होता. ‘क्वार्टर हा पगाराचा भाग आहे, पेन्शनचा नव्हे,’ असे ते नव्या व्याख्यात्यांना आवर्जून सांगत. एवढ्या एका वाक्यात त्यांनी अर्थनियोजनाचा मोठा धडा दिला होता.

सहकाराची जुनी वाट

जमीन सामाईक आणि राहण्याचा हक्क वैयक्तिक, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक श्रीपाद सुब्बराव तालमकी यांना भारतातील सहकारी गृहनिर्माणाचे जनक मानले जाते. या पद्धतीत मालमत्ता संस्थेची राहते, आणि सभासद एकाच वेळी भागधारक व भाडेकरू असतो. मध्यमवर्गीय नोकरदाराला एकट्याने मुंबईत जमीन घेणे अशक्य होते, पण समान गरजेची माणसे एकत्र आली आणि ते साधले. पुढे महाराष्ट्रात १९६० चा आणि गुजरातेत १९६१ चा सहकारी संस्था कायदा आला. शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी, डॉक्टर यांच्या सोसायट्या गावोगावी उभ्या राहिल्या. तेथे सभासदत्व वारसाकडे जाऊ शकते, आणि नोकरी संपल्याने घर संपत नाही. क्वार्टर आणि सोसायटी यांतील मुख्य भेद हाच होय.

स्टॅनफर्ड आणि अर्वाइन

अमेरिकेतील काही विद्यापीठांनी या दोहोंच्या मधला मार्ग काढला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पाया १८८५ सालच्या दानपत्राने घातला गेला. दान दिलेली जमीन विद्यापीठाने कधीही विकू नये, अशी अट त्या दानपत्रातच आहे. पुढे त्या परिसराची सिलिकॉन व्हॅली झाली, घरांच्या किमती गगनाला भिडल्या, आणि तरुण प्राध्यापकाने राहायचे कोठे हा प्रश्न बिकट झाला. विद्यापीठाने जमीन स्वतःकडे ठेवून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत अवलंबिली. वरचे घर प्राध्यापकाने विकत घ्यावे, आणि विकताना पात्र ठरणाऱ्या सहकाऱ्यालाच विकावे, असा हा व्यवहार आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्वाइन येथील केंद्र १९६५ साली सुरू झाले. तेथेही घरांच्या किमतीमुळे चांगले अध्यापक येण्यास कचरू लागले, म्हणून १९८३ साली स्वतंत्र गृहनिर्माण संस्था स्थापन करून ‘युनिव्हर्सिटी हिल्स’ ही वसाहत उभारण्यात आली. येथे जमीन विद्यापीठाची व घर प्राध्यापकाचे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, घर पुन्हा विकताना बाजारभाव मागता येत नाही. किंमत एका ठरलेल्या निर्देशांकानुसारच वाढते. त्यामुळे पुढच्या पिढीतील अध्यापकालाही ते परवडते. निवृत्त प्राध्यापक तेथेच राहू शकतात. मात्र नोकरी सोडून अन्यत्र गेल्यास ठरावीक मुदतीत घर विकावे लागते, आणि मुलेबाळे विद्यापीठाच्या सेवेत नसतील तर त्यांना वारशाने घर नव्हे, घराचे पैसे मिळतात.

एका आईचा प्रश्न

आमच्या भागातील एक मुलगा शाळकरी वयात टायफॉइडने आजारी पडला असता माझ्याकडे उपचार घेत असे. वडील लूम्सवर कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या लावीत असे. मुलगा हुशार निघाला, अभियांत्रिकी शिकला, पीएच.डी.साठी कॅलिफोर्नियात गेला आणि तेथल्या एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक झाला. विद्यापीठाच्या वसाहतीत घर घेण्याची संधी आली तेव्हा त्याने आईला फोन केला, आणि आई माझ्या दवाखान्यात आल्या. वडील आता हयात नाहीत. आईंचा प्रश्न रोखठोक होता : ‘डॉक्टरसाहेब, खालची जमीन आपली नाही, तर ते घर कसलं? आम्ही उपाशी राहून प्लॉट घेतला, तो जमिनीसाठीच ना?’

या प्रश्नाला हसून चालणार नाही. नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने सुरतेस आलेल्या आपल्या लोकांनी जमिनीचा तुकडा हीच एकमेव सुरक्षितता मानली, आणि ती योग्यही होती. आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण या प्रत्येक अडचणीला तो तुकडाच कामी आला. त्या मुलाचे अभियांत्रिकीचे शुल्कसुद्धा त्याच घरावर काढलेल्या कर्जातून भरले गेले होते. तेव्हा जमिनीविना घर घेताना नेमके काय मिळते आणि काय सुटते, हे आकड्यांनी मांडणे आवश्यक आहे.

थोडे गणित

समजण्यास सोपे जावे म्हणून कल्पित आकडे घेऊ. वसाहतीतील घर ६० लाखांना मिळते, आणि त्याची किंमत दरसाल ४ टक्क्यांनी वाढू दिली जाते. तसेच घर बाहेर १ कोटीला आहे आणि दरसाल ७ टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांनी वसाहतीतील घराचे सुमारे १ कोटी ३१ लाख येतील, तर बाहेरच्या घराचे सुमारे ३ कोटी ८७ लाख. फरक अडीच कोटींचा. केवळ एवढेच पाहणारा माणूस वसाहतीकडे पाठ फिरवील.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहू. बाहेरच्या घरासाठी ४० लाखांचे जादा कर्ज काढावे लागले असते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता दरमहा सुमारे ३५ हजार रुपये होतो. वसाहतीत राहणाऱ्याने तेवढेच ३५ हजार दरमहा शिस्तीने गुंतविले आणि त्यावर सरासरी ८ टक्के परतावा मिळाला, तर वीस वर्षांत सुमारे २ कोटी ६ लाख जमतात. घराचे पैसे मिळवून एकूण रक्कम ३ कोटी ३७ लाखांच्या घरात जाते. म्हणजे तूट उरते, पण ती अडीच कोटींची नसून पन्नास लाखांची असते, आणि तिच्या मोबदल्यात वीस वर्षे कामाच्या ठिकाणाजवळचे वास्तव्य व चांगला शेजार लाभतो. मात्र ते ३५ हजार खर्चून टाकले, तर निवृत्तीच्या वा नोकरी बदलण्याच्या वेळी बाहेर घर घेण्याची ऐपत उरत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. संस्थेच्या जमिनीवरील घर हा निवारा आहे, गुंतवणूक नव्हे. निवारा म्हणून ते उत्तम असते. गुंतवणूक मात्र वेगळी करावीच लागते.

सही करण्यापूर्वी

असे घर घेताना पाच गोष्टी लेखी स्वरूपात विचारून घ्याव्यात. पहिली, भाडेपट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत आणि नूतनीकरणाचा हक्क आहे का. पट्टा संपत आला की बँक कर्ज देण्यास कां कू करते. दुसरी, भुईभाडे किती आणि ते कोणत्या दराने वाढणार. तिसरी, पुनर्विक्रीची किंमत कोण व कोणत्या सूत्राने ठरविणार, आणि आपण घरात केलेल्या सुधारणांचे मोल त्यात धरले जाते की नाही. चौथी, राजीनामा, निवृत्ती, घटस्फोट आणि मृत्यू या चारही प्रसंगी काय होणार. पाचवी, पती-पत्नींपैकी एकच संस्थेच्या सेवेत असेल, तर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क किती काळ टिकतो. हा शेवटचा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, पण विधवेला किंवा विधुराला घर सोडावे लागते की नाही, हे पूर्ण आरोग्य असतानाच समजून घ्यावे.

भारतातही एक वर्षाहून अधिक मुदतीचा स्थावराचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. नोंदणी नसलेला शब्द कितीही गोड असला, तरी न्यायालयात त्याला किंमत नसते.

आपल्या अंगणातील धडा

हे सारे अमेरिकेपुरते नाही. डिंडोली २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यापूर्वी आणि नंतरही येथे अनेकांनी शेतजमिनीवर पाडलेले प्लॉट केवळ स्टॅम्प पेपरवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घेतले. जमीन आपली आहे असे त्यांना वाटत होते, कागद मात्र ते सांगत नव्हता. मुखत्यारपत्र, विक्री करार आणि मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे एकीकडे जमीन नसूनही कागद चोख, तर दुसरीकडे जमीन असूनही कागद लंगडा. यांत सुरक्षित कोण, याचा विचार वाचकांनीच करावा. सातबारा, बिनशेतीचा हुकूम, टी.पी. स्कीममधील अंतिम प्लॉट क्रमांक आणि नोंदणीकृत दस्तावेज, एवढे चार कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांनी २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणीही तपासावी.

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर घराचा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. लसीकरणाच्या कार्डावर एक पत्ता खोडून दुसरा, दुसरा खोडून तिसरा लिहिलेला असतो. घर बदलले की डोस चुकतो, शाळा बदलते, मित्र तुटतात. पाच वर्षांत तीन पत्ते झालेल्या मुलाला घर कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसते. आपल्याला पुन्हा निघावे लागणार का, एवढेच त्याला जाणवते. मुलाच्या दृष्टीने घराची किंमत बाजारभावात नसून, तेथे सलग किती वर्षे राहता आले यात असते.

म्हणूनच त्या आईंना मी सांगितले, ‘जमीन तुम्ही घेतलीत, म्हणून मुलगा शिकला. आता त्याला जमिनीपेक्षा स्थैर्याची गरज आहे. कागद चोख असतील आणि उरलेले पैसे तो दरमहा बाजूला टाकणार असेल, तर घेऊ द्या.’ त्यांनी पाचही प्रश्न माझ्याकडून वहीत लिहून घेतले आणि मुलाला फोनवर वाचून दाखविले. उत्तरे समाधानकारक आली, तेव्हा घर घेतले गेले. त्यांनी एक अट मात्र घातली : डिंडोलीचे घर विकायचे नाही. मुलानेही ती मान्य केली. माझ्या मते ही अट अत्यंत शहाणपणाची आहे. एक घर नोकरीला बांधलेले असेल, तर दुसरा आधार, मग तो घराचा असो वा बचतीचा, नोकरीपासून मुक्त असावा.

आपल्या मंडळातील जे तरुण डॉक्टर आज क्वार्टरमध्ये राहतात, किंवा परदेशी विद्यापीठाच्या वसाहतीत जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी तेथील सुखाचा मनमुराद लाभ घ्यावा. आवारातील झाडे, सहकाऱ्यांचा सहवास आणि मुलांचे निर्धास्त बालपण यांचे मोल पैशांत होत नाही. फक्त पहिल्या पगारापासूनच दुसऱ्या आधाराची तजवीज सुरू करावी, आणि ती करताना घरातील दोघांनीही कागद वाचावेत, हीच नम्र सूचना.