बसलेल्या पाट्यांचे मोजमाप

महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीसच्या जीपची जुळणी हाती घेतल्यापासून जी गाडी घाटांतल्या कच्च्या वाटांवर, जंगलखात्याच्या हद्दीत आणि धरणांच्या बांधकामांवर राबत आली, तिचा सारा भार पोलादी पाट्यांच्या चार जुड्यांवर तोललेला असतो. आणि वर्षानुवर्षे ओझे वाहून त्या पाट्यांची कमान उतरू लागली, की गाडी मागून बसली, अशी तक्रार घेऊन मालक पाटेवाल्याकडे जातो. तेथे बहुधा एक जादा पाटा चढवला जातो, गाडी उंच दिसू लागते आणि प्रकरण निकाली निघाले असे उभयता मानतात. माझ्या मते हा फैसला पुराव्याखेरीज दिलेला असतो. आणि तो पुरावा मिळवण्यास एक मोजपट्टी, एक जॅक आणि थोडा निवांतपणा यांहून अधिक काही लागत नाही.

गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरांत हवा ठरल्याप्रमाणे असावी आणि गाडीवर नित्य जे ओझे असते तेच असावे. कारण 40 लिटर डिझेल म्हणजे सुमारे 33 किलो वजन, आणि टाकी भरलेली होती की रिकामी याची नोंद नसेल तर पुढच्या आकड्यांना दस्तऐवजाचे मोल राहत नाही. पट्टी जमिनीपासून लावली तर त्या उंचीत टायरची झीज आणि हवेचा दाब मिसळतो. म्हणून चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर घ्यावे.

येथे पाट्यांचा एक स्वभावविशेष ध्यानी घ्यावा लागतो. ते एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडी एकाच ओझ्याखाली दोन निरनिराळ्या उंचींवर स्थिर राहू शकते: बंपर दाबून अलगद सोडला तर माप कमी भरते, तोच उचलून अलगद सोडला तर अधिक. जाणता कारागीर ही दोन्ही मापे घेऊन त्यांचा मध्य धरतो, आणि तत्पूर्वी गाडी थोडी पुढे-मागे ढकलून शॅकल व बुशांतला ताण मोकळा करतो. मग चॅसी जॅकवर उचलून चाक अधांतरी लोंबू दिले, की त्या मापातून उभ्या गाडीचे माप वजा करून पाटे भाराखाली किती बसतात ते कळते. आणि उभ्या गाडीत ॲक्सल व रबरी गुटका यांमधली मोकळी जागा म्हणजे खड्ड्याचा धक्का पचवण्यासाठी उरलेली शिल्लक.

रॉबर्ट हूकने 1678 साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की स्प्रिंग भाराच्या प्रमाणात लवते. मागच्या ॲक्सलवर सिमेंटच्या 50 किलोच्या दोन गोण्या, प्रत्येक जुडीवर एक, ठेवून गाडी किती खाली गेली ते पाहावे. त्याच बनावटीच्या धडधाकट गाडीइतकीच ती लवली, तर पोलादाचा जोम शाबूत आहे, केवळ कमान उतरली आहे, आणि उपाय म्हणजे पाटे सोडवून त्यांना पुन्हा कमान देणे. ती अधिक लवली, तर जुडीत कोठेतरी पाटा तुटला आहे आणि तो शोधून बदलला पाहिजे. जादा पाटा या दोहोंपैकी कोणताच दोष दूर करीत नाही. तो कडकपणा वाढवून उंची देतो, आणि त्याची किंमत बसणाऱ्यांच्या कमरेला मोजावी लागते.

डाव्या-उजव्या बाजूंत तफावत दिसताच पाट्यांना दोषी ठरवू नये. युद्धकालीन विलीस जीपमध्ये चालक डावीकडे बसे आणि पेट्रोलची टाकीही त्याच्याच आसनाखाली असे. म्हणजे पाटे धडधाकट असतानाही डाव्या बाजूवर भार अधिक पडे.

महिंद्रांच्या 2010 सालच्या थारच्या सीआरडीई आवृत्तीत पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार आले. त्यांचा बोल्ट पिळून उंची वाढते, कडकपणा तोच राहतो, मात्र चाकाला खाली लोंबण्यास तेवढीच कमी जागा उरते; तेव्हा हा बोल्ट फिरवण्याआधीही लोंबत्या चाकाचे माप घ्यावेच.

नवी कमान दिलेले पाटे आरंभीच्या काही शे किलोमीटरांत थोडे बसतातच. त्यानंतर, त्याच ओझ्याने आणि त्याच फरशीवर घेतलेले माप तारखेनिशी वहीत उतरवावे, आणि पुढची तक्रार त्याच्याशी ताडून पाहावी.