लुंबिनीची यात्रा रद्द झाली, पण भरलेल्या पैशांचे काय?

७ मे २०२० रोजी बुद्ध पौर्णिमा होती. उमरी भागातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून पुढे सोनौलीमार्गे लुंबिनीला जायचे म्हणून अनेकांनी आधीच पैसे भरले होते. २२ मार्च २०२० ला प्रवासी रेल्वे थांबल्या, २३ मार्चला नेपाळने सीमा बंद केली. यात्रा राहिली. मार्च २०२१ उजाडला तरी कित्येकांचे पैसे परत आलेले नव्हते.

रेल्वेने रद्द केलेल्या गाडीच्या ई-तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात आपोआप जातात. तिकीट एजंटाने काढले असेल तर पैसे त्याच्याकडे जातात. ‘रेल्वेने दिलेच नाहीत’ असे तो म्हणाला, तर आधी पीएनआर मागा. खिडकीवरच्या तिकिटाला प्रवासाच्या तारखेपासून नऊ महिन्यांची मुदत होती (२१ मार्च ते ३१ जुलै २०२० मधील प्रवासासाठी). ती मुदत आता संपली आहे.

विमानाचे तिकीट असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल लक्षात ठेवा. कंपनीने पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ दिले असेल, तर ते ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येत होते, दुसऱ्याच्या नावावरही देता येत होते. वापरले नसेल तर कंपनीने रोख परत करायची होती.

खरी अडचण यात्रा नेणाऱ्यापाशी येते. तो आपलाच माणूस असतो, पैसे रोख दिलेले, पावती नाही. वर कुणीतरी म्हणतो, ‘धम्मकार्य आहे, दान समजून सोडा.’ आम्हाला हे पटत नाही. दान मनाने दिलेले असते; यात्रेचे भाडे हे भाडेच. न दिलेले घेऊ नये, हे आपण रोज पंचशीलात म्हणतो. मोलमजुरी करून पैसे साठवणाऱ्या आजीला दानाचे पुण्य सांगणे सोपे आहे.

आयोजकाचेही काही पैसे धर्मशाळा, बस यात खरोखर अडकले असतील. त्याने ती बिले दाखवावीत, उरलेले परत करावेत. ऐकलेच नाही तर नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नव्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती नसेल तर फोन-पेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, सोबत पैसे भरलेल्यांचे जबाब जमवा. त्याआधी १८००-११-४००० या ग्राहक हेल्पलाइनवर एक फोन करून पाहा.