दोऱ्याचा रस्ता आणि वाऱ्याचा रस्ता

शाळेतला पृथ्वीगोल कपाटावरून खाली काढा आणि त्यावर नाशिक रोड कुठे येईल ते पहा. २०° उत्तर अक्षवृत्त आणि ७३.८° पूर्व रेखावृत्त जिथे छेदतात, जवळपास तिथेच आपले रेल्वे स्थानक आहे. आता याच रेखावृत्तावरून दक्षिणेकडे सरका. सुमारे ५०० किलोमीटरवर पणजी आणि मांडवी नदी लागते. येथूनच १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जेमतेम १७ मीटर लांबीची ही नौका गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली होती. तिच्यावर सहा जणी होत्या : प्रमुख वर्तिका जोशी आणि त्यांच्या सहकारी प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या व पायल गुप्ता.

या प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा होता न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरापासून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीपर्यंतचा, म्हणजे अख्खा पॅसिफिक महासागर. सपाट नकाशावर ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली तर रेषा जवळजवळ आडवी येते. आता पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो खाली झुकतो आणि चक्क अंटार्क्टिक वर्तुळ ओलांडून पुढे येतो!

असे का होते? रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात. रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर असते, नाशिक रोडच्या अक्षांशावर १०४ आणि केप हॉर्नच्या ५६° दक्षिण अक्षांशावर फक्त ६२. (दहावीच्या मुलांना १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला सांगावे.) म्हणजे जितके दक्षिणेला जाऊ, तितके तेवढेच अंश कमी अंतरात पार होतात.

पण शिडाच्या नौकेला दोऱ्याचा रस्ता पुरत नाही, वाऱ्याचाही रस्ता लागतो. सुदैवाने दक्षिणेत तोही आहे. उष्ण पट्ट्याकडून दक्षिण ध्रुवाकडे जाणारी हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे डावीकडे वळते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. ४०° दक्षिणेच्या पुढे या वाऱ्यांना अडवायला जमीन फारच थोडी आहे. म्हणून भूगोलाच्या पुस्तकात त्यांना ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ म्हणतात.

येथेच खरी अडचण सुरू होते. वारा पाण्यावरून जितका लांबवर न अडता वाहतो, तितकी लाट मोठी होते. तळ्यात लाट का वाढत नाही आणि समुद्रात का वाढते, त्याचे हे एक मुख्य कारण. दक्षिण महासागरात तर वारा पृथ्वीला वळसा घालू शकतो. ज्या मोकळेपणामुळे नौकेला वेग मिळतो, त्याच मोकळेपणामुळे डोंगराएवढ्या लाटाही उठतात. पॅसिफिकमध्ये ‘तारिणी’ला ताशी ६० सागरी मैलांहून (१११ किलोमीटर) अधिक वेगाचे वारे आणि सात मीटर उंचीच्या लाटा झेलाव्या लागल्या. शिवाय आणखी दक्षिणेला हिमनगांचा धोका. म्हणून दोरा ६९° पर्यंत गेला तरी नौका तिथवर नेत नाहीत. अंतर किती वाचवायचे आणि धोका किती पत्करायचा, हे वादळाच्या बातम्या पाहून रोज नव्याने ठरवावे लागते. मदत लवकर मिळेल अशी आशा तिथे धरता येत नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी अभिलाष टॉमी एकट्याने दक्षिण हिंदी महासागर पार करत असताना वादळात नौकेची डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्यांच्यापर्यंत जहाज पोचायला तीन दिवस लागले.

१९ जानेवारी २०१८ रोजी ‘तारिणी’ने केप हॉर्नला वळसा घातला आणि २१ मे रोजी ती गोव्याला परतली.

नाशिक रोडच्या मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : दक्षिण ध्रुवाभोवती छोटीशी चक्कर मारली की झाली की प्रदक्षिणा! पळवाट बरोबर शोधलेली आहे, आणि म्हणूनच ती नियमाने बंद केलेली आहे. सर्व रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्तही ओलांडायचे, आणि अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. हा आकडा कुठून आला? ३६० अंश गुणिले ६० मिनिटे. विषुववृत्तावरचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल.

‘तारिणी’ १९९ दिवस समुद्रात होती. तिचा सरासरी वेग मुलांनाच काढू द्या. उत्तर रमतगमत चालवलेल्या सायकलीइतके येईल. मग विचारा : हीच नौका पश्चिमेकडे निघाली असती तर? दोऱ्याची लांबी तीच राहिली असती. वाऱ्याचे काय, ते मुलांनी सांगावे.